भोपळा नव्हे, बदक

बसा मंडळी. काकी, तुम्ही भिंतीला टेकून बसा.

मला भाषण येत नाही. सातवीत शाळा सुटली. आता कच्छात गोदीवर क्रेन चालवतो, तिथं दिवसभर हातानं खुणा करायच्या. महादूकाका गेल्याचं कळलं, आलो. गप्प बसायचं ठरवलं होतं. पण मैदानावरच्या ह्या शेडमध्ये पाय ठेवला आणि आपला कॅप्टन रुपेश कानात म्हणाला, "येत्या सामन्यांआधी भिंतीवरचं बदक पुसतोय. वाघ काढू." म्हणून उभा राहिलोय.

बाहेरून आलेल्यांना सांगतो. काका आपले पेंटर. होड्यांची नावं, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. आपल्या क्रिकेट संघाचं नाव लकी इलेव्हन. ते ह्या भिंतीवर इंग्रजीत काढायचं ठरलं. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, चिठ्ठी बघून उतरवायचे. चिठ्ठीतल्या एलचं पोट सुटलं होतं. काकांनी डी काढला. लकीचं झालं डकी! चिठ्ठी कुणी लिहिली, अजून कुणी कबूल करत नाही. हसा, हसा. काकाही हसायचे.

पहिल्याच सामन्यात पलीकडचं गाव क्वॅक क्वॅक ओरडलं. शून्यावर बाद झालं की टीव्हीवर ते बदक रडत जातं ना, तेच. आम्ही चिडून म्हणालो, काका, पुसा. काकांनी उलट नावाशेजारी हे एवढं मोठं पिवळं बदक काढलं. बगलेत बॅट.

मी म्हणालो, "काका, शून्य म्हणजे आपला भोपळा. त्याचं बदक कशाला मिरवायचं?"

"भोपळा पडला का पडूनच ऱ्हातो. बदक रडतंय, पण चालतंय का न्हाय?"

नात कार्टून लावायची तेव्हा काका तिच्या पुढं जाऊन बसायचे. बदकावर कपाट पडायचं, बदकाचा पापड व्हायचा, आणि लगेच उभं, टोपीसकट. रद्दीतल्या एका कॉमिकमध्ये नशीबवान बदकही होतं, बसल्या जागी सगळं मिळणारं. मी म्हणालो, हे काढा, आपल्याला लक पाहिजे. तर म्हणाले, "ह्याचं काय काढू? ह्याला कामच न्हाय."

मग त्यांनीच रीत पाडली. शून्यावर बाद झालेल्यानं यायचं, बदकाला पिवळ्या रंगाचं एक बोट लावायचं. कुणी त्याला चिडवायचं नाही. आणि पुढच्या सामन्याला तो खेळणार म्हणजे खेळणार.

मी मैदानाबाहेरचीही बोटं लावलीत. उरणची नोकरी सोडून आलो, तेव्हा. तळोज्याहून हाकलला गेलो, तेव्हाही.

"परत भोपळा?"

"व्हय काका."

"डबा उघडा हाय. बोट लाव नि नीघ."

बोट लावलं आणि निघालो. दर वेळी.

रुपेश, तू बदकाला पनवती म्हणतोस. पहिल्या फेरीत हरतोय आपण, मान्य. पण हात लावून बघ. रंग किती जाड झालाय! ही काकांच्या ब्रशची जाडी आहे का? ही आपली बोटं आहेत रे. चोचीवरचं बोट तुझं आहे, लावलंस तेव्हा मी इथंच होतो. वाघ काढशील, छान दिसेल. पण त्याला बोट लावायला कोण येणार? वाघापुढं कुणी आपला भोपळा घेऊन जातं का?

बदक राहणार. खालच्या अंगाला पोपडे आलेत. ते खरवडून, रंग भरून, मगच मी गाडी पकडणार. आणि तो डी डीच राहणार. कुणाला अडवायचं असेल तर आत्ता बोला.

रुपेश?

बरं.

आता सगळे उभे राहू. मिनिटभर कुणी बोलू नका, पोरांनो तुम्हीही. त्यानंतर काकींनी घरून काकांचा पिवळ्या रंगाचा डबा आणलाय, तो उघडू. जन्मात एकदा तरी ज्याचा भोपळा झालाय, त्यानं पुढं यावं. पहिला मी.

महादूकाका, रामराम. बोट लावतो आणि निघतो.