नाना चहा घेतात तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सातपुडा बेसबॉल संघाचे कार्याध्यक्ष, आदरणीय जीवराम आप्पा. त्यांच्या डाव्या हाताला मोबाइल पालथा ठेवून बसलेले संघाचे नवे अधिकारी नवीनजी. ज्यांच्यासाठी आपण हे ऊन डोक्यावर घेऊन जळगावात जमलो ते सत्कारमूर्ती रतिलाल नाना. त्यांच्या शेजारी सौभाग्यवती चारुलतावहिनी. धुळे, यावल, चाळीसगाव, पहूर अशा ठिकाणांहून आलेले खेळाडू आणि त्यांचे आईवडील. आणि मागच्या दाराशी, शेवभाजीच्या वासाच्या अंतरावर, जागा धरून बसलेले माझे स्नेही. सर्वांना रुपचंदचा रामराम.

आप्पा, आपल्यापुढे चहा ठेवलाय. निवतोय. आपण घ्या, मी बोलतो.

पालकांच्या वतीने मी दोन शब्द बोलावेत असं काल ठरलं. का ठरलं, याबद्दल मला रात्रीपासून संशय आहे. मला ओळखणारा माणूस माझ्या हातात माइक देत नाही. मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. धुळे विभागातली एकही गाडी अशी नसेल, जिच्या मागच्या बाकावर मी संशयाने पाहिलेलं नाही. माणूस झोपलाय की झोपेचं सोंग घेतोय, हे पाहण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झालो, पण डोळा काही निवृत्त होत नाही. आता बघा, निमंत्रणपत्रिकेत छापलंय, 'वयोमानानुसार नाना निवृत्त होत आहेत.' वय तर गेल्या हंगामातही होतं! मग हंगामाच्या मध्यातच ते अचानक कसं वाढलं? असो. सत्काराच्या दिवशी असले प्रश्न विचारू नयेत.

नानांचं काम काय होतं, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपला मुख्य संघ मोठ्या शहरांतून खेळतो, त्याची पोस्टरं लागतात. त्याच्या हाताखाली आपला ज्युनियर संघ. खान्देशातली सॉफ्टबॉल खेळून तयार झालेली पोरं तिथे बेसबॉल शिकतात. त्यातलं कोण वर जायला तयार झालं, कोण अजून कच्चं आहे आणि कोणाचं काही होणार नाही, हे ओळखून सांगणं हे नानांचं काम. एका माणसाच्या शब्दावर इतक्या घरांची झोप अवलंबून! अशा माणसावर संशय घ्यायचा नाही, तर कोणावर घ्यायचा?

मी घेतला. माझा कुंदन त्या संघात पिचर आहे. चेंडू असा टाकतो की समोरच्याला दिसतो तो झेलणाऱ्याच्या हातात गेल्यावरच. बाप म्हणून सांगत नाही, वेग मोजायचं यंत्रसुद्धा तेच म्हणतं. आणि हे नाना काय करायचे? ते यंत्र पिशवीत घालून पाण्याच्या माठाजवळ उभे राहायचे. माझा मुलगा घाम गाळून चेंडू टाकतोय आणि यांचं लक्ष कुठे, तर सामना संपल्यावर पोरं आरशापुढे भांग पाडतात, तिकडे! मी म्हटलं, नक्कीच इथे काहीतरी पाणी मुरतंय.

मग मी माझा जुना धंदा सुरू केला. नाना निकाल सांगायला घरोघरी जायचे. नाना ज्या गाडीने जातील, त्याच गाडीने मी. ते पुढच्या बाकावर, मी मागच्या. नाना, तुम्हाला वाटत असेल की यावलच्या गाडीत तोंडावर उपरणं घेऊन झोपलेला तो माणूस कोण? तो मी.

आणि मला सापडलं. चाळीसगावला ललितच्या दारात नाना उभ्या उभ्याच बोलले. त्याच्या आईने चहाचा आग्रह केला, यांनी हात जोडले, 'घाई आहे' म्हणाले. ललित वर गेला. पहूरला दोन घरी चहा घेतला, ती दोन्ही पोरं राहिली. मी मागचे हंगाम आठवून पाहिले, ओळखीच्या लोकांना विचारलं. सगळीकडे हेच! नाना ज्या घरी चहा घेतात, त्या घरचा मुलगा राहतो. ज्या घरी नाही म्हणतात, तो वर जातो.

आप्पा, घोटभर तरी घ्या. साय धरली बघा.

ही गोष्ट मी फक्त एका माणसाला सांगितली होती. पण ती एसटीपेक्षा वेगाने पसरली. मग जे झालं ते आपल्या खान्देशातच होऊ शकतं. पाहुणा दारात आला की आधी चहा, मग नाव-गाव, ही आपली रीत. तिथे भर वैशाखात माणूस उन्हातून येतोय आणि घराघरांतून चहा गायब! कोणाकडे गॅस संपलेला, कोणाकडे साखरेला मुंग्या लागलेल्या. यावलला स्वप्नीलच्या आईने, बेबाबाईंनी, दूध नासल्याचं सांगितलं आणि आतून उकळत्या दुधाचा वास ओसरीपर्यंत आला. नाना तांब्याभर पाणी प्यायले, बसले आणि सांगायचं ते सांगून उठले. स्वप्नील राहिलाच. तर लोक म्हणाले, पाणीसुद्धा द्यायला नको होतं!

हसा. मीही हसलो होतो. मग नाना आमच्या घरी आले.

धुळ्यात त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं, नाना फाटकाची कडी काढत होते. मी स्वयंपाकघरात धावलो. बायकोला, सुंदरबाईला, म्हणालो, चहाचं नाव काढू नकोस. आता तिचं उत्तर तिच्याच भाषेत सांगतो, नाहीतर घरी गेल्यावर माझी खैर नाही. ती म्हणाली, "पाव्हना भर उनमा येल शे. चहा ना देता धाडू? मन्हाघाई ते व्हवाव नही." म्हणजे, तिच्याच्याने ते व्हायचं नाही.

मी दारातच नानांना आडवा झालो. 'घाईत असाल,' म्हटलं. नाना म्हणाले, "नाही हो रुपचंदभाऊ, आज सवड काढून आलोय." बसले. आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, चहा टाका. साखर जरा जास्त."

कुंदन बाजूलाच बसला होता. त्यालाही चहाची गोष्ट माहीत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याचं ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

चहा झाला. नानांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "कुंदनला मी वर पाठवत नाहीये." मी उठून उभा राहिलो. जे तोंडाला आलं ते बोललो. कोणाचा मुलगा घुसवताय, कोणी सांगितलंय, सगळं. नाना ऐकत बसले. मी दमलो तेव्हा म्हणाले, "कुंदन, भांग पाड बरं." कुंदनने डाव्या हाताने कंगवा उचलला. नाना म्हणाले, "उजव्याने." तो कंगवा हनुवटीपर्यंत गेला आणि थांबला. माझ्या मुलाचा उजवा हात त्याच्या स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. आणि मी, जगभर संशय घेत हिंडणारा तपासनीस, रोज त्याच्यासमोर जेवत होतो.

नाना म्हणाले, "चेंडू फेकण्याच्या जोरावर हे झाकलं जातं. कोपर पूर्ण दुमडत नाही, दुखतंय, पोरगं गोळ्या खाऊन खेळतंय. वरच्या संघात याला रोज टाकायला लावतील. एक हंगाम टाळ्या मिळतील, मग हात जन्माचा जाईल. आता थांबला, उपचार घेतला, तर पुढे खेळेल. माझ्याकडून 'नाही'."

सुंदरबाई दारात उभी होती. तिने सरळ विचारून टाकलं, की नाना, चहाची भानगड काय आहे? मला इतके दिवस गाड्या बदलून जे कळलं नाही, ते तिने एका वाक्यात काढून घेतलं.

नाना जरा ओशाळले. म्हणाले, "वहिनी, 'हो' दारात उभं राहून सांगितलं काय, फोनवर सांगितलं काय, सारखंच. त्या घराला त्यानंतर माझी गरज नसते. 'नाही' सांगायचं तर बसायला हवं. लोकांना राग येतो. तो काढायला समोर माणूस नको? आणि बातमी ऐकल्यावर चुलीपाशी जायचं कोणाला सुचतं? पाहुणा गेल्यावर मग घरची बाई हळहळते, की तो चहाशिवाय गेला. एका दिवशी एका घराला दोन दुःखं कशाला? म्हणून मी चहा आधी मागतो."

सुंदरबाईने त्यांचा कप पुन्हा भरला.

मंडळी, इतकीच माझ्या तपासाची हकीकत. पण मघाशी म्हटलं ना, डोळा निवृत्त होत नाही. नानांच्या जाण्याची पत्रिका आली तेव्हा मी चारुलतावहिनींना फोन केला. एकच प्रश्न विचारला: वहिनी, नानांना आता येऊ नका, हे सांगायला कोण आलं होतं? वहिनी म्हणाल्या, "कोणी नाही भाऊ. मेसेज आला. हे अंगणात उभे होते, चष्मा आत होता. मीच वाचून दाखवला."

नवीनजी, आपण मोबाइल उचलू नका. मी आपल्यावर आरोप करत नाही. आपण तरुण आहात, आपलं यंत्र चांगलं आहे, त्याने दाखवलेला वेग खरा आहे. वेगाच्या पलीकडचं त्याला कोणी विचारलंच नाही, यात त्याचा काय दोष? पण ज्या माणसाने खान्देशातल्या प्रत्येक 'नाही'साठी ऊन तुडवलं, त्याला 'नाही' सांगायला आपल्यातलं कोणी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलं नाही. वहिनींनी चहा टाकला असता हो. साखर जरा जास्त घातली असती.

याचं मला फार वाईट वाटतं, नाना. शालीने ते झाकलं जात नाही.

आता शेवटचं. परवा आमच्याही घरी मेसेज आला. 'अभिनंदन! कुंदनची मुख्य संघात निवड झाली आहे. सोमवारी हजर व्हावे.' नाना गेले आणि कुंदन वर गेला. ज्या बातमीसाठी मी गाड्यांच्या मागच्या बाकांवर उपरणं घेऊन बसलो, ती माझ्या हातात होती. खोटं कशाला बोलू, पेढे आणायला मी चप्पल पायात घातली होती. तेवढ्यात कुंदन मागून म्हणाला, "आबा, मन्हा हात अजून वर व्हत नही." त्याचा चेहरा पाहिला. जायची इच्छा त्याच्या डोळ्यांत मावत नव्हती, आणि तरी तो मला थांबवत होता. मी चप्पल काढली. मग आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं. ठरवलं म्हणजे त्याने ठरवलं, आम्ही मान हलवली.

त्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर मोबाइलवर द्यायचं नव्हतं.

आप्पा, संपला का चहा? कप रिकामा दिसतोय. छान.

मग आता समोर उभा राहून सांगतो. कुंदन सोमवारी येणार नाही. त्याचं कोपर बरं होईपर्यंत तो चेंडू हातात धरणार नाही. नानांनी दिलेला 'नाही' आमच्या घरात अजून चालू आहे. आपल्याला राग आला असेल तर खुशाल काढा, मी जेवण होईपर्यंत इथेच आहे.

आयोजकांनी माइक दिला आणि अजून काढून घेतला नाही, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपलेही आभार मानतो, जरी इतकी शांतता मला थोडी संशयास्पदच वाटते आहे. बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कमी पडलो असेन तर पोटात घाला. संशयी माणसाची जीभ आहे, उशिरा वळते.

आणि चारुलतावहिनी, कार्यक्रमानंतर आम्ही तिघं तुमच्याकडे येतोय. कसलीही बातमी आणत नाही. नुसताच चहा घ्यायला येतोय.