साठावा दिवस

दिपमाला : संपलं, नाना! साठाव्या दिवशी तो यायलाच हवा होता. आला नाही.

नाना : कोन? पाहुना का?

दिपमाला : ग्रह हो! महिनाभर काय सांगतेय मी? ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो, त्यावरून ग्रह ओळखायचा. या ताऱ्याचे दोन ग्रह जगाला माहीत आहेत. तिसरा मला सापडलाय. म्हणजे, सापडला होता.

नाना : मंग आते काय व्हयनं?

दिपमाला : उजेड चौथ्या दिवशी उतरला, बत्तिसाव्या दिवशी उतरला. अठ्ठावीस दिवसांची फेरी. साठाव्या दिवशी तिसऱ्यांदा दिसला तरच सर मानणार. बारा वाजता धुळ्याहून त्यांचा फोन येईल. काय तोंडाने बोलू?

नाना : रडू नको. बत्तीस वरीस स्टँडवर कंट्रोलर व्हतू मी. माले एक सांग, त्या टायमाले फलाटवर दुसरी कोन्ती गाडी उभी व्हती?

दिपमाला : नाना, ही बस नाहीये!

नाना : आयक तं खरी. एक दिन सुरतनी गाडी उभी व्हती, तिना मांगे चोपडानी लागनी. माले एकच दिसनी. मी चोपडानी रद्द लिखी दिधी. बठ्ठा पॅसेंजर मना आंगवर ऊनात!

दिपमाला : थांबा, थांबा. पहिला ग्रह बाराव्या दिवशी आला होता, तो दर बारा दिवसांनी येतो. चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस... साठ! अहो नाना, त्या दिवशी तोही समोर होता!

नाना : मंग दोन्हीस्मुये उजेड जास्ती उतरना आशीन. कितला उतरना?

दिपमाला : तो आकडा मी काढून टाकलाय. उतार फार मोठा दिसला, मला वाटलं दुर्बिणीचाच दोष.

नाना : काय पोर शे! आते?

दिपमाला : मूळ फाइल आहे ना. हे बघा. पहिला एकटा आला की दहा हजारात वीस भाग उजेड जातो, माझा आला की तीन. आणि साठाव्या दिवशी... तेवीस! नाना, बरोब्बर तेवीस!

नाना : (शेजारच्या घराकडे वळून) भिकुबाई! वो भिकुबाई, भाहेर ये! पोरनी ग्रह धरा! बठ्ठा पारोळाले सांग!

(फोन वाजतो.)

दिपमाला : सरच आहेत. आकडा का काढला होता, असं विचारलं तर? सांगू का, मी काढलाच नव्हता म्हणून?

नाना : मी त्या दिन सायेबले सांगं, गाडी ऊनी व्हती, माले दिसनी नही. उचल फोन.

दिपमाला : हॅलो, सर? आधी माझी चूक सांगते. मग ग्रह.