याह्याची वाटी

आमचं मूळ मनमाडचं. अब्बा नाशकात आले ते भांड्यांवर नावं घालायला, आणि तेच काम माझ्या हाती आलं. लग्नाचे हंडे, रुखवताची ताटं, बारशाच्या वाट्या, सगळ्या जातीधर्माच्या माणसांची नावं मी घातली, आधी छिन्नीनं, आता मशीननं. काय सांगू तुम्हाला, पितळेवरचं नाव पुसलं जात नाही, भांडं मोडीत गेलं तरी भट्टीत पडेपर्यंत ते वाचता येतं.

पहिला मुलगा झाला तेव्हा मौलानांना विचारून याह्या नाव ठेवलं. अरबी नाव आहे, म्हणाले, अर्थ जगतो, जिवंत राहतो. जकरिया पैगंबर म्हातारे झाले, मूल नव्हतं, त्यांनी दुआ मागितली तेव्हा मुलगा मिळाला आणि नाव वरूनच आलं, त्याआधी ते कुणाचंच नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातही तेव्हा कुणाचं नव्हतं, लोक विचारायचे, हे कसलं नाव हो. आता गल्लीत हाक मारा, चार पोरं वळून बघतात. तर त्या नावाची वाटी मी स्वतः केली, दूध प्यायला. पोरगा नुकता चालायला लागला होता, तापानं गेला.

पुन्हा मुलगा झाला तेव्हा बायको म्हणाली, नाव तेच ठेवायचं, या नावानं एकदा फसवलं, परत नाही फसवणार. मौलाना म्हणाले, ठेवा, हरकत नाही, पण लेकराला त्याचं स्वतःचं काहीतरी असू द्या. मी काय केलं? नाव घातलेली वाटी घरात आहे, नवीन कशाला, म्हणून तीच त्याच्या हातात दिली. दुनियेला ज्याची त्याची भांडी करून देणारा मी.

हा याह्या दूध कधी संपवायचा नाही. तळाशी थोडं ठेवून वाटी कोपऱ्याकडे सरकवायचा. बायको रागवायची, पी ना रे, तर म्हणायचा, ते याह्याचं आहे. आम्ही हसायचो, लहान पोरं स्वतःचं नाव घेतातच. पण त्या कोपऱ्यात पहिला बसायचा, आणि पहिल्याचा विषय आम्ही घरात कधी काढला नव्हता. थोड्या वेळानं वाटी कोरडी असायची. मी म्हणायचो, मांजर असेल. खिडक्यांना जाळी होती.

हाक मारली की लगेच ओ द्यायचा नाही. आधी थांबायचा, दुसरं कुणी बोलतंय का ते ऐकल्यासारखा. मोठा झाला, लग्न झालं, तरी तसंच.

मागच्या महिन्यात नातू झाला. बायकोनं ती वाटी चिंचेनं घासली, म्हणाली, नावाखाली जागा आहे, नातवाचं नाव घाला. मी मशीनची सुई टेकवणार, तेवढ्यात याह्या दुकानात आला आणि त्यानं माझा हात धरला.

“अब्बा, ती त्याची आहे. मी इतकी वर्षं त्याला विचारून प्यायलो. माझ्या पोराला विचारायला लावू नका.”

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. त्यानं वाटी मशीनखालून काढून फडक्यात गुंडाळली.

नातवाला नवी वाटी घेतली, त्यावर फक्त त्याचं नाव. जुनी मी घरी त्या कोपऱ्यात ठेवली, दूध भरून. काल हाक मारली, याह्या, तर मुलानं न थांबता ओ दिली, जन्मात पहिल्यांदा. अल्ला त्याला जगवो. कोपऱ्यातली वाटी कोरडी होती. मी धुतली, परत भरली.