टाळ्या कशाच्या पडल्या

गंगापूर धरणावर हवाई दलाच्या विमानांच्या कसरती बघून माणसं बसने नाशिकला परतत होती. रूपालीच्या पुढच्याच सीटवर एका मुलानं आपल्या वडिलांना हाताला धरून बसवलं. त्यांना दिसत नव्हतं.

"आप्पा, सगळा व्हिडिओ काढलाय. ऐका."

मोबाईलमधून विमानांची घरघर आली. मग आप्पांचाच आवाज आला, "आता कुठं गेली रे? सांग की."

पाठोपाठ मोबाईलमधूनच मुलाचा आवाज आला, "गप बसा हो जरा. व्हिडिओत येतंय तुमचं बोलणं."

मुलानं घाईनं मोबाईल बंद केला.

"बंद का केला?"

"असंच."

"किती होती रे विमानं?"

"नऊ."

"मंग शेवटी एवढ्या टाळ्या कशाच्या पडल्या?"

"मी मोबाईलमध्येच बघत होतो, आप्पा. तेवढं नेमकं सुटलं. चुकलं माझं."

"तिथं सांगत राहिला असता, तर दोघांनी बघितलं असतं."

रूपालीला राहवेना.

"आजोबा, दोन विमानं समोरासमोर आली आणि अगदी जवळून एकमेकांना चुकवून गेली. त्याच्या टाळ्या होत्या त्या."

"असं होय? अजून सांग, पोरी."

मुलानं उठून तिला आपली जागा दिली आणि दांडी धरून तो ऐकत उभा राहिला.