बंबाच्या हवेच्या नळ्या

मी बेल्याकडचा. बाप बैलगाडीचे चाकं नीट करे, मी मोटारीच्या कामाले लागलो, इचोड्याच्या रस्त्यावर टरकाच्या खाली झोपून माही उमर गेली, काय सांगू तुमाले, हात किती घासा, भाकरीले ऑइलचा वास येतेच.

आदिलाबादेत एका कापसाच्या जिनिंगमदी आग इझवाचा जुना बंब होता, माह्याच वयाचा असंल, कापसाले आग लागली का तोच धावे. त्याचा डायव्हर मारोती, माह्या बायकोचा लहान भाऊ. एक दिवस मने, भाऊजी, ब्रेक बराबर लागून नाही राह्यला. खाली सरकून पाह्यलं तं हवेच्या नळ्या साऱ्या तडकलेल्या, वाकवली का मोडे. त्याचा ब्रेक हवेवरच न, हवा गेली का गाडी थांबत नाही. मी मॅनेजरले मनलं, साहेब, साऱ्याच बदला. तो मने, फुटली तेवढी बदल, सीझन हाय, गाडी आजच पायजे. एक बदलली. मंग त्यानं कागद पुढं केला, गाडी दुरुस्त हाय, सही कर. केली मी. काऊन केली, आजबी समजत नाही.

चवथ्या दिवशी दुपारी कापसाच्या गंजीले आग लागली. मारोती बंब घेऊन निघाला अन् उतारावर दुसरी नळी फुटली. खाली कापसाच्या गाड्यांची लाईन, माणसं उभे. त्यानं बंब भिताडावर घातला. माणसं वाचले, मारोती गेला.

चौकशीत मॅनेजर मने, डायव्हरनं जोरात हाकली, गाडी तं दुरुस्त होती, हे पाहा मिस्त्रीची सही. मी उभा राह्यलो. मनलं, नळ्या सडल्या होत्या, मले मालूम होतं, तरी सही केली, मारोतीची चूक नाही. बायको मागं बसली होती, तिले तवाच समजलं. घरी आल्यावर एवढंच मने, तवाच बोलले असते तं.

बंब ठोकठाक करून पुन्हा उभा झाला, पण नवा डायव्हर मने, ज्यानं चौकशीत खरं सांगतलं त्याच मिस्त्रीच्या हातानं नळ्या टाका, नाहीतं मी बसत नाही. साऱ्या नव्या टाकल्या, एकेका जोडाले साबनाचं पानी लावून बुडबुडा येते का पाह्यलं, अन् त्याच्या बाजूले बसून त्याच उतारावरून उतरलो. ब्रेक लागला. खाली उतरून मी पुन्हा एकेक जोड हातानं पाह्यला.

बायको जेवन वाढते, कामापुरतं बोलते. तिचंबी बराबर हाय. तुमी लिहून घेऊन राह्यले न, तं मारोतीचं नीट लिहा बापा, त्याची चूक नोती. माहं कसंबी लिहा.