अर्धा कोयता

मपलं माहेर बी इकडचंच अन सासर बी, पाटोद्याच्या जवळच. आमी बौद्ध, रानाचा तुकडा न्हाई, मंग आज्यापासून ऊसतोडच की. काय सांगू तुमाला, कोयता म्हणलं की तुमाला हत्यार दिसल, पन आमच्यात नवरा-बायकू मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांदायची. एकला गडी गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणत्यात.

तर पाटोद्याला आमच्यासारख्या बायांसाठी मोटार भरायचा क्लास निगाला. हिरीवरच्या मोटारी जळत्यात ना, त्यात नवी तार भरायची. म्या नाव दिलं, अन पैल्या दिवशी काय केलं, मालकांला, म्हंजी मपल्या नवऱ्याला, संगंच घेऊन गेले, दोगांचा डबा बांदून, अन बसलो की दोगं बाकावर. शिकवायला पठाण मॅडम हुत्या, त्या म्हणल्या हे कोण, म्या म्हणलं मालक, त्या म्हणल्या ह्यांचं नाव न्हाई, म्या म्हणलं मपलं हाय की, एकटीला काम कोण देतंय? बाया लई हसल्या. मॅडम न्हाई हसल्या. मालकांला म्हणल्या, भाऊ, च्या घ्या अन घरी जा, ही एकटी पुरी हाय. असं मला जल्मात कुणी म्हणलं नव्हतं बगा.

शिकणं सोपं नव्हतं. हाताला मोळी आवळायची सवय, तार बी तशीच आवळायची मी, की तुटलीच. मॅडम रागावल्या न्हाईत कदी. हात धरून दाखवायच्या, जरा सैल, जरा सैल. लई मोठ्या मनाची बाई.

मंग दसरा झाला अन ऊसतोडीला न्यायला मुकादमाची गाडी आली. परीक्षा अजून लांब. गेले असते तर समदं शिकलेलं वाया, अन न जावं तर घर कसं चालावं. म्या आपलं बोचकं बांदलं गुमान. मालकांनी त्याची गाठ सोडली. म्हणले, तू कावून येतीस, मी जातो. म्या म्हणलं, अर्धा कोयता म्हणून जाता का, लोक काय म्हणतेल? म्हणले, म्हणू दे. अन म्हणलेच लोक. गाडीत चढतानीच एक जण म्हणला, बायकूला साळंत घातली का बे? हे नुसते हसले.

मी मातर रडत रडत क्लासला गेले त्या दिवशी.

परीक्षेला म्या भरलेल्या मोटारीचं बटन मॅडमनी मलाच दाबाय लावलं. मोटार फिरली. म्या मालकांला फोन लावला अन तसाच मोटारीपाशी धरला. म्हणले, आयकू आलं, ठेव आता, ऊस भरायचाय, पन मोटार बंद हुईस्तवर फोन काय त्यांनी ठेवला न्हाई.

आता पाटोद्यात छोटं दुकान हाय. मालक हिरीतून मोटारी काढून आणत्यात, बसवून देत्यात, भरायचं काम मपलं. औंदा बी गाड्या गेल्या. आमच्या गल्लीत घराघराला कुलपं हायेत, म्हातारी माणसं तेवडी वट्ट्यावर बसल्याली. आमची पोरगी परवा जेवतानी म्हणली, पप्पा, तुमी औंदा बी इथंच ना? इथंच, म्हणले, अन तिच्या ताटात भाकर वाढली.

मॅडमची बदली झाली. जितं असतेल तितं त्यांचं मंगल होवो. अजून गल्लीतली कुलपं तेवडी निगावी, बाकी मला काय बी मागायचं न्हाई.