माळेतला खोटा रुपया

निजामीतला नांदेडचा सराफा. दुकानात मी गिऱ्हाईक, माझ्यापुढं सासू-सून बसलेल्या. सराफापुढं सासूच्या गळ्यातली जुन्या चांदीच्या रुपयांची माळ.

"शेठ, ह्यातला एक बद्द वाजतो. ह्या मथुरीनंच बदलला आसंल."

"न्हाई वो आत्याबाई. देवाची आण."

"गप. घरी चल, चार माणसांत इचारते."

"बाई, रुपया खोटाच हाय, कथील मिसळलेला. पर मागून बघा. बाकीच्यावाणीच झिजलाय. गळ्याला घासून इतकं झिजायला लई वर्षं लागतात."

"म्हंजे?"

"पहिल्यापासून ह्याच माळेत हाय. माळ कुणी घातली व्हती?"

"माझ्या आईनं. लग्नात."

"घ्या, गळ्यात घाला."

"मथुरा... घरी काय सांगशील?"

"समदे खरे निघाले म्हणीन, आत्याबाई."